'मार्सेसेन्स' : कोमेजण्याचे शास्त्रीय नाव

न्हाणीघराच्या कोपऱ्यात, फरशीच्या सांध्यांत किंवा साबणाच्या डबीखाली कधीकधी तांबूस-गुलाबी रंगाचा बुळबुळीत थर साचलेला दिसतो. गृहिणी तो घासून काढतात, पण चार-आठ दिवसांत तो पुन्हा हजर होतो. पाण्यातील लोहामुळे किंवा साबणाच्या रंगामुळे हा डाग पडत असावा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो अनेकदा जिवंत असतो. ओलाव्यात आणि साबणाच्या उरल्यासुरल्या अंशावर पोसल्या जाणाऱ्या एका जीवाणूची ती वसाहत असते. या जीवाणूचे शास्त्रीय नाव आहे 'सेराशिया मार्सेसेन्स'.

या नावातील पहिला शब्द एका माणसाच्या स्मरणार्थ आलेला आहे, तर दुसऱ्याचा अर्थ आहे 'कोमेजू लागलेला'. जीवाणूला ना पान ना फूल. मग त्याच्या नावात कोमेजणे कोठून आले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इटलीतील एका खेड्यापासून आजच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागापर्यंतचा प्रवास करावा लागतो. एखाद्या निरीक्षकाने नाव ठेवताना टिपलेली बारीकशी गोष्ट पुढच्या पिढ्यांनी दृष्टीआड केली, तर काय होते, हेही या प्रवासात दिसून येते.

शब्दाची घडण

लॅटिन भाषेत 'मार्केरे' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ सुकणे, मलूल होणे, गळून जाणे. या धातूला 'एस्क' हा प्रत्यय लागला की क्रियेचा आरंभ किंवा तिची हळूहळू होणारी वाढ सूचित होते. 'मार्केस्केरे' म्हणजे कोमेजू लागणे. त्याचे वर्तमानकालवाचक विशेषण म्हणजे 'मार्सेसेन्स'. प्राचीन रोमन लोक यातील 'सी' या अक्षराचा उच्चार 'क' असा करीत. विज्ञानाच्या व्यवहारात मात्र पुढे 'स' रूढ झाला. पूर्ण वाळलेल्या वस्तूला हा शब्द लागत नाही. वाळण्याच्या वाटेवर असलेल्या वस्तूला लागतो. मराठीत आपण 'सुकलेले फूल' आणि 'सुकू लागलेले फूल' यांत जो फरक करतो, तोच लॅटिन भाषा एका प्रत्ययाने साधते.

हा प्रत्यय आपल्याला वाटतो तितका परका नाही. मिरचीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव 'कॅप्सिकम फ्रुटेसेन्स' आहे. त्याचा अर्थ झुडपासारखी होत जाणारी. 'रुबेसेन्स' म्हणजे लाल होत जाणारा, 'नायग्रेसेन्स' म्हणजे काळा पडत जाणारा. शास्त्रीय नावांच्या दृष्टीने या रूपांची आणखी एक सोय आहे. जातिवाचक विशेषणाने प्रजातीच्या नावाचे लिंग स्वीकारावे, असा नामकरणाचा नियम आहे. त्यामुळे मलूल या अर्थाचे दुसरे लॅटिन विशेषण 'फ्लॅसिडस', 'फ्लॅसिडा' आणि 'फ्लॅसिडम' अशी तीन रूपे घेते. 'मार्सेसेन्स' मात्र तिन्ही लिंगांत तसेच राहते.

'फ्लॅसिडा'चे एक उदाहरण आपल्या बागांशी नाते सांगणारे आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील पाणथळ जागी वाढणाऱ्या पिवळ्या फुलांच्या एका कर्दळीचे नाव 'कॅना फ्लॅसिडा' असे आहे. तिची नाजूक फुले संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात माना टाकतात. बागेतील मोठ्या, झुलत्या पाकळ्यांच्या संकरित कर्दळींच्या एका गटात याच जातीचा अंश आहे.

वाळले, तरी गळेना

वनस्पतिशास्त्राने 'मार्सेसेन्स' या शब्दाला एक काटेकोर अर्थ दिला. जो भाग वाळतो, पण गळून पडत नाही, तो 'मार्सेसेंट'. युरोप-अमेरिकेतील ओक, बीच, हॉर्नबीम या वृक्षांचे हे वैशिष्ट्य आहे. शिशिरात इतर वृक्ष निष्पर्ण होतात, तेव्हा हे वृक्ष, विशेषतः कोवळ्या वयात, तपकिरी झालेली पाने अंगावर बाळगून उभे असतात. वाऱ्यावर ती सळसळत राहतात आणि वसंतात नवी पालवी फुटण्याच्या सुमारास झडतात.

याचे कारण देठाच्या बुडाशी आहे. पान गळते ते आपोआप तुटून नव्हे. देठ फांदीला जेथे चिकटतो, तेथे पेशींचा एक खास थर तयार होतो, त्या पेशींमधील बंध विरघळतात आणि पान सुटे होते. पानगळ ही अशी वृक्षाने योजलेली क्रिया आहे. वाळूनही न गळणाऱ्या पानांत हा थर शिशिरापूर्वी पुरता तयार होत नाही. पान मरते, पण त्याला निरोप दिला जात नाही. त्यामागचे प्रयोजन काय, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोरड्या, बेचव पानांमुळे कोवळ्या कळ्या हरणांपासून बचावत असाव्यात असे काही जण मानतात. वसंतात उशिरा गळालेली पाने ऐन गरजेच्या वेळी बुंध्याशी खत पुरवीत असावीत, असे इतरांना वाटते.

हा प्रकार पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. तरुण ताडाच्या खोडाभोवती वाळलेल्या झावळ्यांचा घेर लोंबत असतो. कोवळ्या काकडीच्या टोकाला सुकलेले फूल चिकटून राहिलेले मंडईत रोज दिसते. गंमत अशी की, जिला आपण अमरवेल म्हणतो, त्या परोपजीवी वेलीच्या फुलाच्या पाकळ्याही सुकून फळाभोवती तशाच राहतात.

ग्रीक भाषेतील याच अर्थाच्या शब्दावरून स्वीडनचे कवकशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात छत्रीसारख्या अळंब्यांच्या एका प्रजातीला 'मॅरॅस्मियस' असे नाव दिले. इतर अळंब्या कुजून चिखल होतात. या मात्र आक्रसून वाळतात आणि पाऊस पडला की पुन्हा टवटवीत होतात. वर्गीकरणासाठी फ्रीस यांनी हाच गुण प्रमाण मानला. बालकांच्या कुपोषणाच्या ज्या प्रकाराला आपण सुकटी म्हणतो, त्याचे वैद्यकीय नाव 'मॅरॅस्मस' हेदेखील त्याच ग्रीक शब्दातून आले आहे. त्याच शब्दाला नकारार्थी 'अ' लागला की 'अमारांतोस', म्हणजे न कोमेजणारा. राजगिरा आणि माठ ज्या प्रजातीत मोडतात, त्या 'अमरँथस'चे मूळ हे आहे. उपवासाच्या राजगिऱ्याच्या लाडवात असा एक न कोमेजणारा शब्द दडलेला आहे.

आपल्याकडेही कोमेजणे ही मर्त्य जगाची खूण मानली गेली. महाभारतातील नलोपाख्यानात दमयंतीच्या स्वयंवराला देव नलाचे रूप घेऊन बसतात. देवांच्या गळ्यातील माळा कोमेजत नाहीत, नलाच्या कोमेजल्या आहेत. खऱ्या नलाला ओळखण्याच्या खुणांपैकी ती एक होती. जे कोमेजते ते जिवंत, हा विचार जीवाणूच्या बाबतीत कसा लागू पडतो, ते आता पाहू.

लेग्नारोची रक्तवर्णी उकड

१८१९ सालचा उन्हाळा. उत्तर इटलीतील पाडुआ शहराजवळ लेग्नारो नावाचे खेडे. तेथील शेतकऱ्यांचे रोजचे अन्न म्हणजे पोलेंटा, मक्याचे भरड पीठ शिजवून केलेली घट्ट उकड. त्या उष्ण, दमट दिवसांत एका शेतकऱ्याच्या घरातील उकडीवर रक्तासारखे लाल ठिपके उमटले. ती फेकून नवी केली, तर तीही लाल झाली. पाहता पाहता ही वार्ता पसरली. हा दैवी कोप आहे, या घराने काही पाप केले असले पाहिजे, अशी कुजबूज सुरू झाली. एका गरीब कुटुंबाच्या अब्रूचाच प्रश्न निर्माण झाला.

अखेर चौकशी सुरू झाली. व्हिंचेंझो सेत्ते या डॉक्टरांवर ती सोपविण्यात आली. त्यांच्या प्रयोगांत हाच लाल रंग इतर घरांतील अन्नावरही उमटविता आला आणि पापाचा मुद्दा निकालात निघाला. त्याच सुमारास बार्तोलोमेओ बिझिओ हे तरुण औषधशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे काम करीत होते. त्यांनी ताजी उकड उबदार व दमट हवेत ठेवली आणि थोड्याच अवधीत तिच्यावर तोच लाल रंग उगविला. हा रंग म्हणजे एक सूक्ष्म सजीव असून तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लुई पाश्चर यांचा जन्मही त्या वेळी झालेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते.

बिझिओ यांनी या सजीवाला देठ नसलेली बुरशी मानले आणि १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्याला नाव दिले. सेराफिनो सेराती या इटालियन पदार्थवैज्ञानिकाने आर्नो नदीवर वाफेची नौका चालविली होती, पण त्याचे श्रेय इतरांनाच मिळाले, असे बिझिओ यांचे मत होते. म्हणून प्रजातीचे नाव 'सेराशिया'. जातीचे नाव 'मार्सेसेन्स' ठेवण्यामागे त्यांचे निरीक्षण होते. हा सुंदर लाल रंग फार काळ टिकत नाही, तो लवकर विटतो आणि पक्व झालेली वाढ बुळबुळीत चिकट पदार्थात विरघळून जाते. ज्या रंगाने गावभर खळबळ माजविली, त्याच्या अल्पायुष्याची नोंद त्यांनी नावात करून ठेवली.

चमत्कार की कोमेजणे?

विज्ञानजगताने मात्र हे नाव लवकरच बाजूला सारले. १८४८ साली बर्लिनमध्ये शिजविलेल्या बटाट्यावर असाच लाल रंग दिसला. प्रसिद्ध सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एहरेनबेर्ग यांनी त्याचा अभ्यास केला आणि जुन्या ग्रंथांतून भाकरीवर 'रक्त' दिसल्याच्या कथा गोळा केल्या. त्यांनी त्याला 'मोनास प्रोडिजिओसा', म्हणजे चमत्कारी, असे नाव दिले. ते साहजिकच लोकप्रिय झाले. मध्ययुगीन युरोपात चर्चमधील पवित्र भाकरीतून रक्त आल्याच्या अनेक कथा प्रचलित होत्या. १२६३ साली इटलीतील बोल्सेना येथे घडल्याचे सांगितले जाणारे प्रकरण तर राफाएलने व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगविले आहे. या घटनांमागे हाच जीवाणू असावा, असा तर्क अनेक अभ्यासकांनी मांडला आहे. तर्कच तो, सातशे वर्षांपूर्वीची भाकरी तपासायला उपलब्ध नाही. अशा कथांच्या आधारे मध्ययुगात ज्यूंवर भाकरीच्या विटंबनेचे आरोप झाले आणि अनेकांना प्राणांस मुकावे लागले, हे मात्र इतिहासात नोंदलेले आहे.

पुढे जीवाणूंचे वर्गीकरण बदलत गेले, तसे 'बॅसिलस प्रोडिजिओसस', 'क्रोमोबॅक्टेरियम प्रोडिजिओसम' असे नामांतर होत राहिले. चमत्कार कायम राहिला. अखेर नामकरणातील अग्रक्रमाचा नियम बिझिओ यांच्या मदतीला धावून आला. जे वैध नाव आधी प्रसिद्ध झाले, ते खरे, असा हा नियम आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकी जीवाणुशास्त्रज्ञांनी 'सेराशिया मार्सेसेन्स' पुन्हा प्रचारात आणले आणि कालांतराने ते सर्वमान्य झाले. चमत्काराचा अवशेष आता केवळ त्या लाल रंगद्रव्याच्या नावात उरला आहे. त्याला 'प्रोडिजिओसिन' म्हणतात.

रंगावर विसंबण्याची किंमत

नावाचा हा वाद केवळ ग्रंथालयापुरता असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण 'चमत्कारी' रंगाचे आकर्षण प्रयोगशाळेतही पोहोचले. लाल वसाहत डोळ्यांनी सहज ओळखता येते, आणि तिच्यापासून आजार होत नाही, असा समज दृढ झाला होता. त्यामुळे हवेतून, पाण्यातून, माणसाच्या तोंडातून जंतू कसे पसरतात, हे पाहण्यासाठी हा जीवाणू खूण म्हणून वापरला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश संशोधक गॉर्डन यांनी या जीवाणूच्या द्रावणाने गुळण्या केल्या आणि लंडनच्या रिकाम्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभे राहून शेक्सपियरचे उतारे मोठ्याने म्हटले. सभागृहात ठिकठिकाणी ठेवलेल्या तबकड्यांवर नंतर लाल वसाहती उगवल्या. बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू किती दूर जातात, याचा तो पुरावा होता.

या विश्वासाचे टोक गाठले गेले ते १९५० साली. जैविक हल्ल्याला शहर कितपत बळी पडू शकते, हे अजमावण्यासाठी अमेरिकी नौदलाने त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून हा जीवाणू हवेत फवारला. नागरिकांना त्याचा थांगपत्ता नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच शहरातील एका रुग्णालयात अकरा रुग्णांना या जीवाणूचा संसर्ग झाल्याचे आढळले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. तेथील डॉक्टरांनी १९५१ साली ही माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, कारण असा संसर्ग त्यांच्या दृष्टीने नवलाचा होता. फवारणीची गोष्ट जनतेसमोर यायला १९७६ साल उजाडले आणि १९७७ मध्ये सिनेटपुढे तिची सुनावणी झाली. मृताच्या कुटुंबीयांचा दावा न्यायालयाने फेटाळला. फवारणी आणि संसर्ग यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. पण ज्याला निरुपद्रवी समजून लक्षावधी लोकांच्या श्वासात सोडले, तो निरुपद्रवी नाही, हे पुढील दशकांत निःसंशय स्पष्ट झाले.

रुग्णालयातील बिनरंगी पाहुणा

आज हा जीवाणू रुग्णालयजन्य संसर्गाच्या परिचित कारणांपैकी एक मानला जातो. निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही. मात्र मूत्रनलिका, शिरेतील नळी, कृत्रिम श्वसनयंत्र यांच्या आधाराने तो शरीरात शिरकाव करतो. मूत्रमार्ग, फुप्फुसे, रक्त यांत त्याचा संसर्ग होतो. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांत त्याच्या साथी नोंदल्या गेल्या आहेत. अस्वच्छ कॉन्टॅक्ट लेन्समुळे डोळ्याच्या बुबुळाला होणाऱ्या संसर्गातही तो आढळतो. साबणाचे द्रावण भरून ठेवलेल्या बाटल्यांतच नव्हे, तर अयोग्य रीतीने पातळ केलेल्या जंतुनाशकांतही तो तग धरतो. अँपिसिलिनसारखी प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिनलाही तो उपजतच दाद देत नाही. २००४ साली लिव्हरपूलमधील एका कारखान्यातील इन्फ्लुएंझाची लस याच जीवाणूने दूषित झाल्याचे आढळले, तेव्हा त्या हंगामातील अमेरिकेचा जवळजवळ निम्मा लससाठा हातचा गेला.

रुग्णालयातील या जीवाणूचे बहुतेक वाण लाल नसतात, हा येथला कळीचा मुद्दा आहे. प्रोडिजिओसिन तयार होते ते साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. माणसाच्या शरीराच्या सदतीस अंश तापमानाला तो रंग उमटत नाही. अनेक वाणांत तर रंग बनविण्याची क्षमताच नसते. म्हणजे रंग दिसला तर जीवाणू आहे असे म्हणता येईल, पण रंग दिसला नाही म्हणून जीवाणू नाही असे म्हणता येत नाही. ज्यांनी लाल रंगालाच या जीवाणूची ओळख मानले, त्यांच्या नजरेतून कितीतरी बिनरंगी वसाहती सुटल्या असणार. रंग हा त्याचा अंगरखा आहे. तो विटतो, उतरतो, पण अंगरखा उतरला म्हणून अंग नाहीसे होत नाही. बिझिओ यांना शरीराच्या तापमानाचा हा परिणाम ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही या सजीवाचा रंग क्षणभंगुर आहे, हे त्यांच्या नजरेने हेरले होते.

कोमेजविणाराही तोच

नियतीचा खेळ असा की, हे नाव पुढे आणखी एका अर्थाने खरे ठरले. १९८८ पासून अमेरिकेतील ओक्लाहोमा व टेक्सास भागांत भोपळा आणि कलिंगडाच्या वेली पिवळ्या पडून झपाट्याने मरू लागल्या. कीटकांद्वारे वेलींच्या अन्नवाहिन्यांत शिरणाऱ्या जीवाणूमुळे हे घडत होते, आणि त्याची ओळख 'सेराशिया मार्सेसेन्स' अशी पटली. कॅरिबियन समुद्रातील सांबरशिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळावर १९९६ मध्ये पांढरे चट्टे आढळले. २००२ साली त्यामागेही हाच जीवाणू असल्याचे दाखविण्यात आले. पुढील संशोधनात त्याचा माग माणसाच्या सांडपाण्यापर्यंत पोहोचला. माणसाचा रोगजंतू समुद्रातील प्रवाळाला मारतो, हे त्यातून दिसून आले.

दुसरीकडे याच रंगद्रव्यावर बुरशीरोधक आणि कर्करोगविरोधी गुणांसाठी, तसेच रेशीम-लोकर रंगविण्यासाठी प्रयोगशाळांत काम होत आले आहे. त्यातही अडचण तीच येते: उजेडात हा रंग विटतो. दोनशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण आजच्या रंगतज्ज्ञालाही मान्य करावे लागते.

शास्त्रीय नावे म्हणजे पाठांतराची जड ओझी, असे शाळेत आपल्याला वाटत असते. वास्तविक ती बहुधा कोणाच्या तरी डोळसपणाची संक्षिप्त टिपणे असतात. 'चमत्कारी' या नावाने पाहणाऱ्याचे आश्चर्य नोंदविले, तर 'कोमेजू लागलेला' या नावाने पाहिलेल्या वस्तूचा गुण नोंदविला. अग्रक्रमाच्या रूक्ष नियमामुळे दुसरे नाव टिकले, हे विज्ञानाचे भाग्यच म्हणायचे.

न्हाणीघरातील गुलाबी थराने निरोगी माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही. तो ब्रशने घासून काढावा, जागा निर्जंतुक करावी आणि मुख्य म्हणजे कोरडी ठेवावी. ओल राहिली की तो पुन्हा येणारच. घरात तान्हे मूल, शस्त्रक्रियेतून उठलेले किंवा मूत्रनलिका लावलेले रुग्ण असतील, अथवा कोणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरीत असेल, तर मात्र अधिक दक्षता घ्यावी. लेन्सची डबी नळाच्या पाण्याने धुऊ नये आणि तिच्यातील द्रावण रोज बदलावे. डाग दिसेनासा झाला की काम संपले, असेही समजू नये. कोमेजतो तो रंग. जीवाणू तेथेच असू शकतो.